पथ्य शेगडीपाशी शिकावे

‘तेल कमी करा, मीठ जपून वापरा, भाताचे प्रमाण पाहा, पालेभाज्या वाढवा.’ मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णापुढे ही चार वाक्ये म्हटल्याखेरीज आम्हां डॉक्टरांचा दिवस मावळत नाही. रुग्ण मान डोलावतो, चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवतो आणि निघून जातो. या सल्ल्याची एक अडचण अशी की, तो ज्या हातांपर्यंत पोचायला हवा ते हात पुष्कळदा दवाखान्यात आलेलेच नसतात. ते घरी कणीक मळत असतात. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. कमी म्हणजे किती? फोडणीला तेल घालताना कोणीही बाई मनात आकडा धरीत नाही. बुधली कलते, मनगट एका ठरावीक क्षणी वळते आणि बुधली सरळ होते. ते वळण वीस-पंचवीस वर्षांत पडलेले असते. डॉक्टरांच्या एका वाक्याने ते बदलावे, ही अपेक्षाच मुळात धाडसाची आहे.

सांगून न बदलणारी ही गोष्ट दहा-बारा माणसांनी एका शेगडीभोवती उभे राहून केली, तर मात्र बदलू शकते. म्हणूनच पाककलेचा वर्ग हा विषय मला एखाद्या नव्या औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. हौशी गृहिणींचा दुपारचा विरंगुळा, सुटीतले केक-पिझ्झा, लग्न ठरलेल्या मुलींची तयारी, अशी या वर्गांची आपल्याकडील ओळख. त्याहून कितीतरी मोठे काम ते करू शकतात.

मराठीत स्वयंपाक लिहून शिकवण्याची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० चे. पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि मराठी घरांत ते जणू माहेरची भेट म्हणूनच जाऊ लागले. कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. स्वयंपाक त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. त्यांच्या पुस्तकाचे एक वैशिष्ट्य डॉक्टर म्हणून मला फार मोलाचे वाटते. त्यांनी मापे दिली, आणि तीही प्रत्येक घरात असलेल्या वाटीची व चमच्याची. ‘अंदाजाने मीठ’ हे शब्द नवशिक्या मुलीला जितके निरुपयोगी, तितकेच ते रक्तदाबाच्या रुग्णालाही निरुपयोगी आहेत. चमच्याने मोजले की मीठ दिसू लागते.

संस्थांचा इतिहास पाहिला तरी आहार आणि पाककला पूर्वी इतक्या दूर नव्हत्या. मुंबईतील खानपान-शिक्षणाची नामवंत संस्था, जी आज दादरला आहे, ती १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने सुरू केली होती. हॉटेलांचा व्यवसाय हे तिचे पुढचे रूप. मूळ प्रेरणा लोकांच्या अन्नाची होती.

आता आपल्या भागाकडे येतो. भंडाऱ्यात आमच्या ओळखीच्या एका मावशींनी अनेक वर्षे खानावळ चालवली. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर खानावळ बंद झाली आणि शनिवार दुपारचा वर्ग सुरू झाला. फलक नाही, प्रमाणपत्र नाही. दोन शेगड्या, मोठा गंज, दोन कढया, एक परात आणि माझ्या आग्रहाखातर आणलेला छोटा वजनकाटा. शिकणारे बारा-तेरा. त्यांत पुण्याला शिकायला निघालेला मुलगा आहे, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील नोकरीमुळे दूरच्या राज्यातून आलेले एक जोडपे आहे, गरोदरपणात साखर वाढलेली एक तरुणी आहे आणि साठी ओलांडलेले तीन पुरुष आहेत. वेळ मिळेल तेव्हा मीही जातो. व्याख्यान देत नाही. चिरायला बसतो आणि कोणी विचारले तर उत्तर देतो.

परप्रांतीय जोडप्याची पहिली अडचण भाषेची झाली. मावशी म्हणाल्या, ‘वरून सांबार घाला.’ ते दोघे सांबाराचे भांडे शोधू लागले. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर आणि गोडनिंब म्हणजे कढीपत्ता, हे कळायला त्यांना दोन शनिवार लागले. भाजीला आलन लावणे म्हणजे डाळीच्या पिठाने ती दाट करणे, हे तर पुण्या-मुंबईच्या मराठी माणसालाही सांगावे लागते. अशा गोंधळात हशा पिकतो आणि हशा पिकला की अनोळखी माणसे एकमेकांच्या हातातले उलथने हक्काने मागून घेतात.

पहिल्या दिवशी आम्ही एक साधा प्रयोग केला. मोठ्या पातेल्यात भात शिजवला आणि प्रत्येकाला घरी रोज घेतो तितका ताटात वाढून घ्यायला सांगितले. मग ताटातला भात काट्यावर ठेवला. त्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहिला होता. एकाचाही अंदाज बरोबर आला नाही आणि सगळ्यांची चूक एकाच दिशेची होती. भंडारा हा धानाचा जिल्हा. येथे दोन्ही वेळा भात खाणे हा चोचला नव्हे, तो आपल्या मातीचा धर्म आहे. चिन्नोरच्या सुगंधापुढे कोणत्याही डॉक्टरचे उपदेश टिकत नाहीत, आणि टिकू नयेत असेही मला कधीकधी वाटते. भात सोडा असे म्हणणारा वैद्य येथे अप्रिय तर होतोच, शिवाय निष्प्रभही ठरतो. ताटाची मांडणी बदलणे मात्र शक्य असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० उष्मांक लागणाऱ्या प्रौढ माणसासाठी तिने सुचवलेल्या ताटात सर्व धान्ये मिळून सुमारे २५० ग्रॅम, तीही कच्ची मोजलेली, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. आपल्या सरासरी ताटात पारडे उलट झुकलेले असते. भाताचा डोंगर आणि कडेला भाजीचे बोट. वर्गात आम्ही आधी भाजी वाढतो, मग घट्ट वरण, आणि उरलेल्या जागेत भात. आधी भाजी-वरण खाऊन मग भाताकडे वळल्यास जेवणानंतरची साखर तुलनेने हळू चढते. उकडा तांदूळही साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा या बाबतीत थोडा बरा.

तेलाचा धडा सर्वांत रंजक. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाचे दृश्य तेल-तूप माणशी २७ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे सहा लहान चमचे. चौघांच्या घराला महिन्याकाठी साडेतीन लिटर. तुमच्या घरी महिन्याला किती तेल येते, हा प्रश्न मी आता ‘तेल जास्त खाता का’ या प्रश्नाऐवजी विचारतो, कारण दुसऱ्याचे उत्तर नेहमी ‘नाही हो’ असेच असते. पण तेल कमी केल्यावर फोडणी करपते, भाजी तळाला लागते आणि चव बेचव होते, ही तक्रार खरी आहे. त्यावर तोंडी उत्तर देता येत नाही, दाखवावे लागते. पसरट कढईत चमचाभर तेल नुसते पसरून जाते, मोहरी कोरडीच भाजते. म्हणून हात आणखी तेल ओततो. लोखंडी फोडणीच्या पळीत तेच चमचाभर तेल खोलगट राहते आणि मोहरी, जिरे, गोडनिंब, लसूण सारे त्यात व्यवस्थित तडतडते. कांदा परतताना तेलाऐवजी पाण्याचा शिपका आणि वर झाकण. वांगे तेल पिते, म्हणून ते आधी वाफवून घ्यायचे. तिखट-हळद टाकताच चमचाभर पाणी, म्हणजे मसाला जळत नाही. मावशींना यातले बहुतेक आधीच ठाऊक होते. खानावळीत तेल वाचवणे हा त्यांचा हिशेबाचा प्रश्न होता. अर्थशास्त्र आणि हृदयरोगशास्त्र येथे एका पळीत भेटतात.

सावजी रस्सा शिकवा, अशी मागणी अर्थातच आली. मावशींनी तो शिकवला आणि तर्रीसकट शिकवला. मीही जेवलो. सणासुदीच्या पदार्थाला पथ्याचा पोशाख चढवण्याच्या मी विरुद्ध आहे. महिन्यातून एकदा खायचा तो नीट खावा आणि उरलेले एकोणतीस दिवस पळी सांभाळावी.

मिठाचा हिशेब आणखी सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे एक सपाट लहान चमचा. चौघांच्या घरात किलोभर मिठाची पिशवी किमान पन्नास दिवस टिकायला हवी. प्रत्यक्षात त्याहूनही अधिक, कारण लोणचे, पापड, फरसाण, बिस्किटे यांतून येणारे मीठ या पिशवीत मोजलेच जात नाही. वर्गात एकाच वरणाचे दोन गंज करून पाहिले: एकात नेहमीचे मीठ, दुसऱ्यात जवळजवळ निम्मे, पण वर लिंबू, सांबार आणि लसणाची चरचरीत फोडणी. डोळे मिटून चव घ्यायला लावली तेव्हा दुसरे वरण अळणी आहे असे म्हणणारे थोडेच निघाले. आंबट चव मिठाची उणीव बरीच झाकते. आंबाडीची भाजी कमी मिठातही खमंग लागते ती याचमुळे. हळूहळू मीठ कमी केल्यास काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. एका दिवसात तोडल्यास घरात भांडण होते.

आंबाडीवरून पालेभाज्या आठवल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोखंडी कढईत शिजवलेली पालेभाजी, तिच्यावर पिळलेले लिंबू आणि जेवणानंतर लगेच चहा न घेणे, या तीन गोष्टींनी अन्नातले लोह अंगी लागण्यास मदत होते. पावसाळ्यात आपल्या झाडीपट्टीत तरोट्याचा कोवळा पाला फुकट मिळतो. तो निवडायचा कसा हे वर्गातल्या तरुण मुलींना माहीत नव्हते आणि आज्यांना आपण काही विशेष जाणतो याची जाणीव नव्हती. येथे एक सावधगिरीची सूचना. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा रुग्णाने फिकटपणा दिसतो म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. अन्नातील पालेभाजीला मात्र हरकत नाही.

लाखोळीबद्दल लिहिल्याशिवाय भंडाऱ्याच्या स्वयंपाकावरचा लेख पुरा होणार नाही. धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत शिंपले जाणारे, फारशी निगा न मागणारे हे कडधान्य. प्रथिने भरपूर, किंमत कमी. पण हीच डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली की तिच्यातील विषारी घटकामुळे पायांतील शक्ती जाते, स्नायू ताठरतात, आणि एकदा आलेले हे पंगुत्व सहसा परत जात नाही. वैद्यकशास्त्रात याला लॅथिरिझम म्हणतात. दुष्काळाच्या काळात मध्य भारताने हा आजार भोगला आहे. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली. त्या बंदीविरुद्ध नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घ लढा दिला. त्या वादात येथे शिरत नाही. घरात लाखोळी शिजतेच हे वास्तव आहे, आणि शिजवण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून आहे. तो विषारी घटक पाण्यात विरघळतो. म्हणून डाळ भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवावी, ते पाणी फेकून द्यावे, डाळ पुन्हा धुवावी, भरपूर पाण्यात उकळावी आणि तेही पाणी टाकून द्यावे. याने विष बरेच कमी होते, पूर्ण नाहीसे होत नाही. त्यामुळे ही डाळ रोज खाऊ नये, तूर-मूग-चण्याबरोबर आलटून-पालटून, थोडी खावी. वर्गातील एका आजींना पहिले पाणी टाकण्याची रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. त्यांच्या सुनेला दोन्ही ठाऊक नव्हते. ती कुकरला थेट लावीत असे. रीत एका पिढीत कशी गळून पडते ते त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

आता त्या तीन पुरुषांविषयी. वर्ग सुरू करण्यासाठी मी मावशींच्या मागे लागलो तो मुख्यत्वे त्यांच्यासारख्यांकरिता. पत्नी गेली, मुले नागपूर-पुण्याला, आणि चाळीस वर्षे आयते ताट समोर आलेला माणूस एकाएकी स्वयंपाकघरात उभा. मुलगा सांगतो, ‘बाबा, डबा लावून घ्या.’ डबा सकाळचा येतो; संध्याकाळी चहा-बिस्किटांवर भागते. मधुमेह असेल तर हे फक्त कुपोषण राहत नाही, तो धोका होतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. नेमाने गोळी घेतली आणि जेवण राहिले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, बेशुद्धी. एकट्या राहणाऱ्या माणसाकडे ते पाहायलाही कोणी नसते. या तिघांपैकी एका गृहस्थांना शेजाऱ्यांनी एका रात्री अशाच अवस्थेत माझ्याकडे आणले होते. गोळी चुकली नव्हती. स्वयंपाक येत नव्हता.

पहिले दोन शनिवार ते दाराशी खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या शनिवारी मावशींनी हातात पळी दिली. ‘काकाजी, मोहरी तडतडू द्या, मग बोला,’ एवढीच त्यांची अध्यापनशैली. सहा आठवड्यांत ते मूगडाळीची खिचडी, घट्ट वरण, उकडपेंडी आणि चिकोल्या शिकले. चिकोल्या, म्हणजे वरणात सोडलेली कणकेची फळे, एकट्या माणसासाठी फार सोयीच्या. त्यात मूठभर पालक टाकला की भाजीही वेगळी करावी लागत नाही. पोळ्या त्यांना अजून जमत नाहीत आणि त्यांची साखरही आदर्श म्हणावी अशी नाही. मात्र तसे रात्री आणण्याची वेळ पुन्हा आलेली नाही. संध्याकाळी सातला ते शेगडी पेटवतात. जेवण तयार झाल्यावर गोळी घेतात.

हे एकट्याने, मोबाइलवर चित्रफिती पाहून शिकता आले नसते का? काही जण शिकतात. नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी दूरचित्रवाणीवरून विदर्भाचे पदार्थ महाराष्ट्रभर पोचवले, हे त्या माध्यमाचे सामर्थ्यच आहे. पण पडद्यावरचा आचारी आपल्या कढईतला धूर पाहू शकत नाही. शिवाय एकट्याचा बिघडलेला पदार्थ माणसाला खचवतो. दहाजणांत बिघडलेला पदार्थ सारे मिळून खाऊन टाकतात. वैधव्य-विधुरत्वातल्या एकटेपणावर शनिवारची ती पंगत किती काम करते, याचे माप माझ्याजवळच्या कोणत्याही यंत्रात नाही.

परदेशांतही डॉक्टर आता शेगडीकडे वळले आहेत. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठातील वैद्यकीय महाविद्यालयाने गेल्या दशकात स्वतःचे शिकवण्याचे स्वयंपाकघर उभारले. भावी डॉक्टर तेथे स्वतः रांधायला शिकतात आणि परिसरातील लोकांसाठीही वर्ग होतात. इंग्लंडमध्ये रॉदरहॅम या गावी जेमी ऑलिव्हर या प्रसिद्ध आचाऱ्याने २००८ मध्ये वर्ग काढले, त्यामागची कल्पना अशी की, शिकलेल्या प्रत्येकाने आणखी दोघांना शिकवावे. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेल्याचा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. इतक्या लोकांना पुरतील इतके आहारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. मावश्या मात्र गल्लोगल्ली आहेत.

एक खटकणारी गोष्टही सांगतो. ‘हेल्दी’ या शब्दाची पाटी लावलेल्या वर्गांत गुळाने ओथंबलेले नाचणीचे लाडू मधुमेहींसाठी म्हणून शिकवले जातात. रक्तातील साखरेला गूळ आणि साखर यांत फारसा भेद कळत नाही. वर्ग निवडताना शिकवणारी व्यक्ती मोजून घालते की नाही आणि रोजचे जेवण शिकवते की नाही, एवढे पाहावे.

गावात असा वर्ग काढायचा झाल्यास बचत गटाची खोली किंवा समाजमंदिर पुरते. बारापेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत, नाहीतर मागच्यांना कढई दिसत नाही. सामान सर्वांनी वाटून आणावे आणि येताना घरची पळी, घरचाच चमचा घेऊन यावे, कारण मोजायचे आहेत ते तेच. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णाबरोबर घरात स्वयंपाक करणाऱ्यालाही बोलवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी, पालेभाज्या आणि बाजारात मिळणारे ‘कमी सोडियमचे’ मीठ यांबाबत आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडे धानाची मळणी आटोपल्यापासून उन्हाळी रोवणी लागेपर्यंतचे दिवस याला सोयीचे. तेव्हा हात थोडे मोकळे असतात आणि बाजारात वालाच्या शेंगा, तुरीचे सोले, मेथी, पालक, सांबार स्वस्त असते.